लघवीची घंटा

तिसरीत असताना मी शाळेत लघवीला जात नसे. मुलींनी जायची जागा म्हणजे शाळेमागची घाणेरीची झुडपं, आणि वर्गातल्या मुलांच्या बाजूची खिडकी बरोबर तिकडंच उघडायची. मग मी सकाळपासून पाणीच पीत नसे आणि संध्याकाळी घराकडं पळत सुटायची.

श्रावणात मला ताप भरला. ओटीपोट दुखायचं, लघवीला गेलं की आग आग व्हायची. "उन्हाळी लागली," असं अम्मीनं सांगून टाकलं. बाहेर आठ दिवस सूर्य दिसला नव्हता, पण उन्हाळी ती उन्हाळीच. धण्याचं पाणी झालं, सब्जा झाला. ताप काही हटेना. शेवटी अब्बांनी बांगड्यांचं दुकान बंद केलं आणि मला एसटीनं पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी परीक्षानळीत माझी लघवी घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, आणि ती ताकासारखी गढूळ झाली. मी घाबरून डोळे मिटले.

"शाळेत किती वेळा जातेस?" त्यांनी विचारलं.

मी अब्बांकडं बघितलं. अब्बाच अभिमानानं म्हणाले, "आमची पोरगी लई शहाणी हाय. घर सोडून कुटं जात न्हाई."

"हा शहाणपणा नाही," बाई म्हणाल्या. "ह्यानंच तर जंतू वाढलेत. गोळ्या सगळ्या संपवायच्या, पाणी भरपूर प्यायचं आणि दर दोन तासांनी लघवीला जायचंच."

हे सगळं त्यांनी गुरुजींसाठी कागदावर लिहिलं आणि खाली दवाखान्याचा शिक्का मारला.

बरी होऊन शाळेत गेले तेव्हा गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला. शिक्क्याचा कागद म्हणजे त्यांच्या लेखी हुकूम. पण एकट्या मुलीला झुडपात पाठवणार कसं? दुसऱ्या दिवशी ऐन भागाकाराच्या वेळी त्यांनी घंटा वाजवली.

"मुलींनो, उठा. लघवीची सुट्टी."

आम्ही अकराजणी एकमेकींकडं बघत उठलो. मागून एक मुलगा ओरडला, "गुरुजी, आमाला?"

"तुझ्याकडं कागद आहे का?"

खिडकीला गुरुजींनी पोतं ठोकलं. आठवड्याभरात अब्बांनी आणि आणखी दोघींच्या वडलांनी बांबूच्या तट्ट्यांचा आडोसाही उभा केला. मला वाटलं होतं, सगळ्या मुली मला चिडवतील. उलट मधल्या सुट्टीत त्या मलाच पाणी आणून द्यायच्या. माझी लघवी थांबली तर घंटाही थांबेल, अशी त्यांना धास्ती होती.

पंधरा दिवसांनी पुन्हा पौडला गेलो. बाईंनी नळी तापवली. या वेळी लघवी स्वच्छ राहिली. अब्बा इतके खूश झाले की त्यांनी मला दवाखान्याच्या माठातलं तीन पेले पाणी पाजलं.

परतीच्या एसटीत अर्ध्या वाटेवर त्याचा परिणाम दिसला. मी अब्बांचा सदरा ओढला. ते उभे राहिले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कंडक्टर, गाडी थांबवा. पोरीला लघवीला जायचंय."

कंडक्टर कुरकुरला, पण घंटीची दोरी ओढली. मी खाली उतरले. पाठोपाठ एक बाई उतरली, मग दुसरी, मग लेकरं कडेवर घेतलेल्या आणखी चौघी. भिजत, हसत सगळ्या झाडांमागं गेल्या. गाडी पंधरा मिनिटं उभी होती.

पुन्हा चढताना एक म्हातारी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "रोज ह्याच गाडीनं येत जा गं बाय."