आत्याचा वांग्यांचा मंडप

आमच्या आत्याने आयुष्यात कुठल्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न एकच विचारला, "उन्हात किती टिकंल?" चप्पल असो, छत्री असो, नाहीतर साडीचा रंग. माझं लग्न ठरत होतं तेव्हा तिने मुलाला भर दुपारी अंगणात उभं करून गप्पा मारल्या, मग आत येऊन माझ्या आईला सांगितलं, "पोरगा बरा हाय. घामेजला, पन कुरकुरला न्हाय." त्या एका शिफारशीवर माझं लग्न झालं. अजून तरी टिकलंय!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, अंजूरला दिलेली. मी भिवंडीत शाळेत शिकवते. रविवार आला की रिक्षा पकडून तिच्याकडे जायचं, हा माझा नेमच होता. तिच्या घरामागे पूर्वी भातशेती होती, तिथे आता गोडाऊन उभं आहे. घर आणि गोडाऊनची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा तेवढा उरला होता. त्यात आत्या भाजी लावायची आणि दर पावसाळ्यात ती कुजायची. आपल्याकडचा पाऊस काय माठाची कोवळी पानं बघून थोडाच पडतो?

तिचा एकुलता एक मुलगा रुपेश. त्याच्या मनात तो पट्टा गोडाऊनच्या गाड्या उभ्या करायला द्यायचा होता. पोरगा वाईट नाही हो, पण चिखलाचं आणि त्याचं वाकडं. "आय, येवरा मरून तुला मिळतं काय? चार भेंड्या?" असं तो दर रविवारी माझ्यासमोर म्हणायचा. एकदा आत्या भडकली. मग त्यानेच पैज लावली, "या श्रावनात बाजारची एक पन भाजी न आनता मला म्हयनाभर जेवाला घाल. जागा तुझी. न्हायतर गाड्या." आगरी घरात श्रावण म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. ज्या पोराचा घास बोंबलाशिवाय खाली उतरत नाही, त्याला महिनाभर परसातला पाला खाऊ घालायचा! आत्या शांतपणे म्हणाली, "चालंल. पन ताटात टाकाचा न्हाय."

मी उत्साहाने तिला फोनवर पॉलीटनेलचे व्हिडिओ दाखवले. लोखंडी कमानी, वर प्लास्टिक, आत गुबगुबीत टोमॅटो. तिने चष्मा लावून सगळं पाहिलं आणि फोन परत दिला. "ह्यांच्याकडं बरफ परतो गं बाय. ती लोका ऊब कोंडून ठेवतान. आपल्याला पाऊस अडवाचा हाय नि ऊब भायेर काढाची हाय. आपन ह्यांच्या उलटा कराचा."

मग सुरू झाली प्लास्टिकची निवड. रुपेशने गोडाऊनमधून पॅकिंगचं फुकटचं प्लास्टिक आणलं. घरात निळी ताडपत्री होतीच. मी नर्सरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून दुधट रंगाच्या जाड प्लास्टिकचा तुकडा मागून आणला. आत्याने तिन्ही तुकडे गच्चीवर दगडांखाली ठेवले आणि अख्खा वैशाख तापू दिले. घरी येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी गच्ची दाखवली जायची. बिचारे तुकडे चिमटीत धरून "हं, हं" करायचे. वैशाख सरताना पॅकिंगचं प्लास्टिक पापडासारखं कुडकुडीत मोडलं. ताडपत्री टिकली, पण आत्या तिच्याखाली डोकं घालून बघून आली. "आत आमुशा हाय. झाडाला काय दिसंल?" दुधट प्लास्टिक पास झालं, आणि मी माझीच मुलगी बोर्डात आल्यासारखी खूश झाले.

आता कमानी कोण वाकवणार? आमच्याकडे उभं करायचं काहीही असो, माणूस एकच, मंडपवाला. त्याने लोखंडी पाइप आणले आणि एका सकाळीत मंडप ठोकला. पण हात हळदीच्या मंडपांना सरावलेला! त्याने तीन बाजू प्लास्टिकने गच्च बंद केल्या, चौथीला रस्त्याकडे तोंड करून कमान काढली आणि वर गुलाबी झालरही लावली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, रुपेशची हळद आहे. आत्याची धाकटी जाऊ तणतणत दारात आली. "पोराचा लगीन ठरला नि आमाला बोलावना न्हाय?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, लगीन ठरला असता तं पयली तुलाच बोलावली असती. ह्यो वांग्यांचा मंडप हाय. ये, बस." जाऊबाई चहा पिऊन गेल्या, पण विश्वास काही बसला नसावा. कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावून गेल्या.

खरी गंमत पुढेच होती. रोपं लावायच्या आधी आत्या भर दुपारी स्टूल घेऊन मंडपात जाऊन बसली. थोड्या वेळाने बाहेर आली ती लालबुंद. "मीच शिजले, वांगी कशी जगतील?" तिने मंडपवाल्याला बोलावून बाजूचं प्लास्टिक कमरेपर्यंत कापायला लावलं. तिथे आमच्या काकांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं, खाडीतलं जुनं मासेमारीचं जाळं ताणून बसवलं. वारा आत, कोंबड्या बाहेर. दोन्ही टोकांना, खाडीकडे आणि रस्त्याकडे, मोकळी दारं ठेवली. "वाऱ्याला वाट देवाची. न देली तर तो सोता करून घेतो," असं ती म्हणायची. पुढे माझ्या वर्गातल्या वांड पोरांच्या बाबतीतही मला हे वाक्य फार उपयोगी पडलं.

आषाढात एका दुपारी वादळ उठलं. मंडपवाल्याच्या गाठी सुटल्या आणि वरचं प्लास्टिक फडाफडा उडायला लागलं. मी आणि आत्या दोन कोपरे धरून लोंबकळत होतो. आत भेंडी नुकती फुलावर आली होती. ती आडवी झाली असती तर श्रावण गेला, आणि श्रावणाबरोबर जागाही. आत्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली. तेवढ्यात रुपेश इस्त्रीच्या पँटीत तसाच चिखलात धावला, होडीचा जुना दोर कमानींवरून आडवा-तिडवा टाकला आणि दात-ओठ खात आवळला. आत्या पावसातच ओरडली, "अरं, तुझ्या गाड्यांचा काय?" "गाड्या गेल्या चुलीत! तू पयली पाय सांभाळ!" 

श्रावणात रुपेश महिनाभर माठ, भेंडी, वांगी, पडवळ जेवला. तोंड वाकडं करत, पण जेवला. शेवटच्या दिवशी ताट पुसून घेत म्हणाला, "जिंकलीस. तू हायस तवर जागा तुझी."

"आनि मागनं?" आत्याने विचारलं. तो हसला आणि हात धुवायला उठला.

पुढे तीन-चार पावसाळे मंडप डौलात उभा राहिला. जावेकडे, शेजारी, माझ्या शाळेतल्या बायकांकडे, सगळीकडे तिची वांगी पोहोचली. रुपेश मात्र पुन्हा कधी आत शिरला नाही. गेल्या हिवाळ्यात आत्या अंथरुणाला खिळली. मी गेले की तिचं एकच, "बाय, मी गेल्यावर ह्यो गाड्या लावंल गं." मी तिला उगाच गप्प करायचे. काय सांगणार होते मी तिला? रुपेशच्या मनातलं मला तरी कुठे माहीत होतं? माघात ती गेली. माझे पाय अजूनही रविवारी रिक्षाकडे वळतात.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीकाठी जमलो. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तिवराच्या फांदीवर बसून नुसता बघत राहिला. एकेकजण पुढे होऊन आत्याला शब्द देऊ लागला. जाऊ रडत म्हणाली, "बाय, मी आता कंदी रुसनार न्हाय." कावळा ढिम्म. मी माझं काय काय सांगून पाहिलं. शेवटी रुपेश हात जोडून उभा राहिला. "आय, जागा गाड्यांना न्हाय देत."

कावळ्याने मान वळवली, पण जागचा हलला नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. रुपेश गुडघ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "बरा. भाजी मी लावीन. मी सोता. मानूस ठेवनार न्हाय."

कावळा सरळ पिंडावर उतरला.

जमलेल्या लोकांत हसू आणि हुंदके एकदमच फुटले. रुपेश तर पोरासारखा ढसाढसा रडला. आणि रडता रडताच माझी बाही ओढून विचारू लागला, "ताई, वांगी कवा लावतान गं?"