बडनेऱ्याची मावशी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. नळ सहाव्या दिवशी आला. सगळी पिंपं भरली. डावा गुडघा सुजला आहे. रागिणीने उद्याच्या मिस्सासाठी घरातल्या मृतांची नावं काढली. पाच झाली.

रात्रीची वाट न बघता दुपारीच एवढं लिहून शकुनबाईंनी पेन खाली ठेवलं. नावं पाच नव्हती, चारच होती.

मृतांच्या दिवशी अकोल्याच्या त्यांच्या चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत वेदीपुढं घराघरातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. यादी आदल्या दिवशी द्यायची असते. यंदा सुनेनं, रागिणीनं, ते काम अंगावर घेतलं. सासऱ्यांची तारीख पाहायला तिनं पेटीतल्या जुन्या वह्या काढल्या आणि १९९४ च्या वहीत तिला एक ओळ सापडली : ‘बडनेऱ्याची मावशी गेली.’ मागच्या वह्या उघडल्या, तर दर महिन्याला एकदा, ‘बडनेऱ्याला मावशीकडे.’

“आई, एवढी जीव लावणारी मावशी, अन् तिचं नाव आपण एकदाबी दिलं नाही,” रागिणी म्हणाली. “नाव काय होतं त्यांचं?”

“आठवत नाही गं.”

“कमाल करता तुमी. लग्नाच्या वर्षी कोणत्या दिवशी कोणती भाजी केली ते लिहून ठेवलं, अन् मावशीचं नाव नाही?”

मग तिनं यादीत सरळ ‘बडनेऱ्याची मावशी’ असंच लिहून टाकलं.

मावशी नव्हतीच कधी. होती ती आई. पंचफुला तिचं नाव, शेंदूरजनाघाटकडची, संत्र्याच्या बागांत मजुरी करणारी. अंगावर चट्टे उठले, बोटं वाकू लागली, तेव्हा नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं. ती अमरावतीपलीकडच्या कुष्ठधामात गेली आणि सहा वर्षांच्या शकुनला सिस्टरांनी वसतिगृहात ठेवून घेतलं. शकुन तिथंच शिकली, तिथंच तिचा बाप्तिस्मा झाला. रोज रात्री दिवसभराचं खरं-खरं लिहून काढायची सवयही तिथलीच. लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याच्या, फिलिप तायड्यांच्या घरी तिनं सांगितलं, बडनेऱ्याच्या एका मावशीशिवाय मला कुणी नाही.

त्यानंतर बावीस वर्षं ती महिन्यातून एकदा पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायची. तेवढं खरं. तिथून पुढं कुठं जायची ते वहीतही आलं नाही.

आई झाडाखाली बसलेली असायची, दोन्ही हात लुगड्यात लपवून.

“काहून येतं वं तू? घरी मालूम झालं तं काय करशीन?”

शकुन संत्र्याच्या फोडी सोलून पानावर ठेवायची. जवळ सरकली की आई म्हणायची, “हात नको लावू मले.” औषधानं आई कधीच बरी झाली होती, तिच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं, हे डॉक्टरांनी शकुनला दोनदा सांगितलं होतं. तरी आई नको म्हणायची आणि शकुनला सुटल्यासारखं वाटायचं. ते सुटणं तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

आता उद्या सगळ्या चर्चनं मिळून एका नसलेल्या बाईसाठी प्रार्थना करायची, आणि असलेली तशीच राहायची. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी शकुनबाईंना ते झेपेना. रडण्याइतकंही बळ नव्हतं. संध्याकाळी यादी पाकिटात घालून त्या रिक्षानं चर्चला गेल्या आणि पापनिवेदनाला बसल्या.

“मी खोटं बोलले,” दर महिन्याला म्हणायच्या तसं त्या म्हणाल्या.

फादर ललित नवीन आले होते. त्यांनी विचारलं, “कशाबद्दल?”

हे आजवर कुठल्या फादरांनी विचारलं नव्हतं. शकुनबाई हळूहळू सगळं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “आजार लपवला त्याचं एवढं नाही, फादर. मी तिला हात लावला नाही. ती नको म्हणायची, ते मला बरं वाटायचं.”

फादरांनी विचारलं, “येशूकडं कुष्ठरोगी आला, तेव्हा त्यानं आधी काय केलं?”

“बरं केलं.”

“आधी, आजी.”

ती गोष्ट शकुनबाईंनी शाळेपासून शेकडो वेळा ऐकली होती. “हात लावला,” त्या म्हणाल्या. “बरं नंतर केलं.”

“मग तुमच्या आईला हात लावणारा कुणी नव्हता, असं समजू नका. आणि तुम्हाला येशू हात लावणार नाही, असंही नको. तुमच्या पापांची क्षमा झाली आहे. घरी जा. यादी सकाळी आणा.”

घरी रागिणी पोळ्या लाटत होती. शकुनबाई पाटावर टेकल्या, यादी काढली आणि पाचवी ओळ खोडली.

“मग मावशी कोण होती?” सगळं ऐकून रागिणीनं विचारलं.

“कुणी नव्हती.”

रागिणीची पोळी तव्यावर करपली. “तुमच्या पियुषले मालूम आहे?”

“नाही. मीच सांगते.”

“अन् ते... घराण्यात उतरत नाही नं?”

“नाही. तसं असतं तर तुझ्या नवऱ्याच्या आधी मला झालं असतं.”

रागिणीनं करपलेली पोळी बाजूला काढली. मग हात पुसून तिनं पेन आणून दिलं. “तुमच्याच हातानं लिहा. अक्षर नीट काढा, फादरले वाचता आलं पाहिजे.”

जेवताना मुलाला, पियुषला सांगितलं. तो म्हणाला, “बाबांले तरी सांगाचं होतं, आई.”

रविवारी चार नावांमागून ‘पंचफुला’ वाचलं गेलं. शकुनबाईंना वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. झालं एवढंच की पाठ बाकाला टेकली. इतकी वर्षं त्या ताठ बसत आल्या होत्या.

दफनभूमीत, ज्यांच्या कबरी दुसरीकडं आहेत त्यांच्यासाठी मोठ्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात. शेजारच्या सीमाबाई तिथं भेटल्या. “ही पंचफुला कोण वं शकुन? तुमच्यात तं आयकली नाही कधी.”

“माही माय,” शकुनबाई म्हणाल्या. शाळेत घासूनपुसून काढलेली बोली साठ वर्षांनी तोंडात आली. “कुष्ठधामात होती.”

सीमाबाईंनी पदर आवरला. मग आपली विझलेली मेणबत्ती पुढं केली. शकुनबाईंनी आपल्या मेणबत्तीवर ती पेटवून दिली.

त्या रात्री शकुनबाईंनी ‘आईसाठी मेणबत्ती लावली’ असं लिहिलं, आणि खाली : वांग्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं. सगळ्यांनी खाल्ली.