पुढे केलेला हात

माणूस दिसला की ती उजवा हात जाळीतून बाहेर काढायची, तळवा वर, आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. हात कोपरापर्यंत बाहेर, मान वळलेली, डोळे मिटलेले. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, लाजली.

ती म्हणजे एक म्हातारी माकडीण. दिल्लीत माकडांची वानवा नाही. सरकारी कचेऱ्यांच्या गच्च्यांपासून आमच्या सोसायटीच्या बाल्कन्यांपर्यंत त्यांचा मुक्त संचार असतो. पण हिने उभ्या आयुष्यात झाड पाहिलं नव्हतं. औषधांच्या एका प्रयोगशाळेत तिची हयात गेली होती. तिथून निवृत्त करून तिला फरीदाबादच्या पुढे, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या प्राण्यांच्या आश्रमात आणलं होतं. छातीवर नंबर गोंदलेला होता, पण नंबराने हाक मारायला कोणाची जीभ रेटत नव्हती, म्हणून सगळे तिला नुसतं ‘मॅडम’ म्हणत.

मी गुरुग्रामच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. नव्या पोरांना हस्तांदोलन कसं करावं यावर दीड तास बोलणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे कंपनीच्या समाजसेवेच्या शनिवारी आम्ही वीस जण एकसारखे टी-शर्ट घालून तिथे गेलो आणि मी पुढे होताच तिने हात पुढे केला, तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. माझ्यात काहीतरी आहे, असा माझा आधीपासून समज होताच. जाळीला हात लावायला मनाई होती, म्हणून मी कठड्याबाहेरून हवेतच हात हलवला आणि फोटो काढून घेतला. पुढच्या ट्रेनिंगमध्ये तो पडद्यावर दाखवला, खाली ‘विश्वास’ असा मथळा देऊन. टाळ्याही पडल्या.

बायकोने फोटो मोठा करून पाहिला. “अहो, ती तुमच्याकडे बघतेय तरी का?”

“लाजतेय,” मी म्हणालो.

पंचवीस वर्षं माझ्याशी संसार केलेल्या बाईने यावर काय बोलायचं? ती कुकर लावायला निघून गेली.

मी दर शनिवारी जायला लागलो. मॅडमची देखभाल सरोज नावाची, शेजारच्याच गावातली बाई करायची. तिसऱ्या शनिवारी माझं ते हवेतलं हस्तांदोलन तिने पाहिलं आणि हातातला झाडू खाली ठेवला.

“सरजी, वो हाथ नहीं मिला रही. खून दे रही है.”

प्रयोगशाळेत माणूस यायचा, ती हात बाहेर काढायची, सुई टोचली जायची, मग एक शेंगदाणा मिळायचा. अशी कित्येक वर्षं. कोणी धरून ठेवायची गरज पडू नये इतकी गुणी. मी खिशातून फोन काढून तो फोटो पुन्हा पाहिला. फोटोत माझे सगळे दात दिसत होते.

सरोजचा नियम साधा होता. हात पुढे आला की काही द्यायचं नाही, वळून निघून जायचं. हात आत गेला की मगच खाऊ, तोही जमिनीवर, तिच्या मर्जीने उचलायला. “बस, एक बार मना कर दे,” सरोज म्हणायची. तिला मॅडमकडून दुसरं काही नको होतं.

हे मला जमेना. पाठ फिरवली तरी मागे तो हात तसाच आहे हे कळत राहायचं. एकदा सरोज पाणी आणायला गेली असताना मी कठड्यावरून वाकून मॅडमच्या तळव्यावर शेंगदाणा टाकला. तिने तो खाल्ला आणि लगेच दुसराही हात पुढे केला. तेवढ्यात सरोज बादली घेऊन आली.

“दो महीने की मेहनत, सरजी,” इतकंच म्हणाली.

मला महिनाभर येण्याची बंदी झाली. एचआरवाल्याला निलंबित केल्याचं मी प्रथमच पाहत होतो. पण रागावू कोणावर? ऑफिसात साहेबाने काहीही पुढे सरकवलं की मीही मान वळवून सही करणारा माणूस. मॅडमचं मला बरंच कळत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मॅडम उन्हात बसून मटार सोलत होती. मला पाहून थांबली. हात बाहेर आला नाही. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि तिचे डोळे पिवळसर तपकिरी आहेत हे मला तेव्हा कळलं. मग ती माझ्याकडे पाठ करून पुन्हा शेंगा सोलायला लागली. मी अर्धा तास उभा होतो.

“आज मॅडम का मूड नहीं है,” सरोज म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

परत येताना टोलनाक्यापाशी मी गाडीत रडत होतो. शेजारच्या कॅबवाल्याने काच खाली केली. “सब ठीक है, भाईसाहब?”

“उसने मना कर दिया,” मी म्हणालो. त्याने फार सहानुभूतीने मान हलवली.

मे महिन्यात मॅडमने खाणं सोडलं. डॉक्टर आले, सलाईन लावायचं म्हणाले. या वयात बेशुद्ध करणं धोक्याचं, म्हणून हात हवा होता. डॉक्टरांनी सुई काढली आणि मॅडम दात विचकून कोपऱ्यात गेली. सरोजने दोन दिवस विनवण्या केल्या. केळ्यातून दिलेलं औषध तिने थुंकून टाकलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हात दिला असता तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. “उम्र हो गई थी,” ते म्हणाले. सरोजने त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा खड्डा तयार होता. मॅडम कुशीवर होती, गुडघे पोटाशी, दोन्ही हात काखेत घट्ट खुपसलेले. कोणीतरी म्हणालं, हात जरा सरळ करून घ्या. सरोज म्हणाली, “नहीं. उनके हैं.”