तिला एकटीला चढवता येईल असा रॅक : बिदर ते अफजलपूर

अफजलपूरला जायचं, हे आमच्या घरात एका वाक्यात ठरलं. सायकली कशा न्यायच्या, यावर मात्र महिनाभर अधिवेशन चाललं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी बायको सुमंगला पायी चालण्यापेक्षा ई-सायकलवर जास्त सुखी असते. माहेरी, अफजलपूरला, उसातून जाणाऱ्या कालव्याच्या रस्त्यावर सायकल चालवायची हा तिचा हट्ट. सायकली दोन, एकेक सव्वीस किलोची. गाडी विजेची. नवरा एकच, आणि तोही पुढे ढकलण्यात तरबेज. ‘पाडवा होऊ दे, मग जाऊ’ हे मी किती पाडव्यांना म्हटलंय, ते तिच्याकडून ऐका.

“रॅक घ्यायचा,” ती म्हणाली. “पण सायकल मला एकटीला चढवता आली पायजे. तुम्ही दुकानात असलाव तरी. न्हाईतर नका घेऊ.”

ही एक अट घेऊन बाजारात उतरा, निम्मे रॅक आपोआप गळतात. टपावरचा रॅक पहिला गेला. सव्वीस किलो डोक्यावर उचलायला घरात पैलवान लागतो. डिकीला पट्ट्यांनी बांधायचा स्वस्त रॅक मला फार आवडला होता, कारण तो स्वस्त होता. पण तो हलक्या सायकलींसाठी, आणि आमच्या डिकीचा वरचा काठ प्लॅस्टिकचा. सायकल टांगायचा रॅकही बाद, कारण सुमंगलाच्या सायकलीला टांगायला वरची दांडीच नाही. उरला हिचवरचा पाटाचा रॅक. बंपरखाली एक लोखंडी नळी बसवतात, ती हिच. तिच्यात पाट अडकतो, चाकं पाटावर उभी राहतात, आणि जोडीला एक घसरण मिळते, तिच्यावरून सायकल ढकलत वर न्यायची. किंमत विचारू नका. तेवढ्यात एक बरी जुनी मोटरसायकल आली असती.

विजेच्या गाडीला हिच बसवताना घाई नको. बॅटरी पोटाखाली असते, तिथे कुणाला भोक पाडू देऊ नका. बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका वेल्डिंगवाल्याने मला छातीठोक सांगितलं, “अण्णा, असा चॅनल मारतो, सायकली कामून, म्हैस बांधा!” त्याचा चॅनल एकटाच म्हशीएवढा होता. शेवटी आमच्याच मॉडेलसाठी तयार मिळणारी, मूळच्या बोल्टांवर बसणारी हिच मागवली. सर्व्हिस सेंटरला आधी विचारून घेतलं, तुम्हीही विचारा. हिच पेलणार पंचाहत्तर किलो. रॅक एकोणीस, बॅटऱ्या काढलेल्या सायकली सेहेचाळीस. म्हणजे उरले दहा. हा आकडा लक्षात ठेवा, माझ्या सासरच्यांनी ठेवला नाही.

शनिवारी सकाळी निघालो. मागची नंबरप्लेट सायकलींआड जाते म्हणून रॅकवर दिव्यांसह वेगळी प्लेट लावली होती. हुमनाबादला चुरमुऱ्यांचा सुसला आणि भजी खाताना शेजारच्या टेबलावरच्या काकांनी विचारलं, “सायकली विकायला जायलाव का?”

“न्हाई, चालवायला.”

“मग गाडी कामून आणली?”

मी भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

प्रत्येक मोठ्या गतिरोधकानंतर उतरून पट्टे ओढून बघत होतो. सत्तरच्या वर गेलो नाही, तरी मागच्या सायकलींना वारा अडत असल्याने चार्जिंग नेहमीपेक्षा भराभर उतरलं. बेत आखताना हे धरून चाला. कलबुर्गीत गाडी चार्जिंगला लावून भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी झाली. दुपार कलताना अफजलपूर.

रविवारची सकाळ कालव्यावर. रस्ता कच्चा पण बसलेला, दोन्हीकडे ऊस. सुमंगला पुढे, मी मागे. ती एकदाही थांबली नाही, मी तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा फोटोचं निमित्त सांगितलं.

परतलो तर दारात गाडीभोवती गल्ली जमलेली. माझा मेहुणा शिवराज पाटावर तुरीचं पोतं बांधत होता. आमच्याच पट्ट्यांनी, अगदी नीट. पंचवीस किलो.

“शिवा, ह्ये काय करायलास?”

“तूर गं अक्का, घरची. दाजींनी माल टाकायला पाट लावून घेतलाय म्हटलं, बरं झालं. सायकल बसंल की पोत्यावर.”

लेक माहेराहून रिकामी जात नाही. मागची सीट गूळ, शेंगा, पीठ आणि लोणच्याने आधीच खिडकीपर्यंत भरली होती. पोतं नाकारणं म्हणजे भावाला नाकारणं, आणि ठेवणं म्हणजे हिच वाकवणं. मी तडजोडीचा हात पुढे केला. “माझी सायकल इथंच ठेवू या.” कालव्यानंतर मला तिच्याबद्दल फारशी माया उरली नव्हती.

“तुम्ही गप बसा,” सुमंगला म्हणाली. “शिवा, सोड ते.”

“आपली तूर नको झाली व्हय तुला? मग बसनं पाठवू का? लोक काय म्हणतील?”

“पाच किलो पिशवीत भर, मी पायाशी घेती. बाकीची हितंच ठेव. मी येऊन खाईन. आता यायला कुणाची वाट बघायची न्हाई मला.”

शिवराज माझ्याकडे बघायला लागला. मी उसाकडे.

त्याने पोतं सोडलं. सुमंगलाने घसरण लावली, आपली सायकल घसरणीच्या तोंडाशी आणली आणि मोटरवर सायकल सावकाश पुढे सरकवणारं ढकलगतीचं बटण दाबलं. सायकल बेतानं वर निघाली. (बॅटरी त्यानंतर काढायची, आधी काढली तर बटण काय कामाचं!) अर्ध्यात चाक जरा कलंडलं. गल्लीतले चार हात पुढे झाले, त्यात शिवराजचा पहिला.

“हात काढ.”

हात निघाला. चाक सरळ झालं, वर गेलं, खटक्यात बसलं. तिने पट्टा आवळला, सायकल हलवून बघितली आणि मला म्हणाली, “आता तुमची आणा.”

घरी आल्यावर हिशोब असा: हिचचे बोल्ट पुन्हा कसून घ्यावे लागले, एका पट्ट्याने रंग घासला, आणि टांगायचा रॅक घेतला असता तर सायकल उचलायची कुणी यावरून दारातच वाद झाला असता. जड सायकली असतील तर पाट आणि घसरण, दुसरं काही बघू नका. आणि विकत घ्यायच्या आधी, घरातल्या ज्या माणसाला चढवायची आहे त्याच्याकडून चढवून बघा.

गेल्या रविवारी ती खटकचिंचोळीला मैत्रिणीकडे गेली. एकटी, गाडीला सायकल लावून. दुपारी राहवेना म्हणून मी फोन केला.

“न्यायला येऊ का?”

“कशात?” तिने विचारलं.