मानाची बाजू नसलेली टेबलं

माझा नवरा सुतार होता आणि मारकुटा होता. दोन्ही कामं तो नेटाने करायचा. जव्हारमधल्या कितीतरी कचेऱ्यांत त्याच्या हातची सागवानी टेबलं अजून आहेत. करवतीचं दुसरं टोक धरायला पगारी माणूस ठेवायला नको म्हणून त्याने मला धरायला लावलं, आणि ओढ चुकली की हातातला मापाचा लाकडी गज पाठीवर घालायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली. बाकीचं शिक्षण त्या गजाने झालं. तो मेला तेव्हा मला रंधा, पटाशी, वाकस सगळं येत होतं आणि रडू आलं नाही.

शेड मी चालवत राहिले. मुलगा माझ्याकडे शिकला नाही. तो भिवंडीला प्लायची कपाटं बसवायच्या कामाला गेला आणि महिन्यातून एकदा घरी यायला लागला. बापाचा मारका हात मात्र त्याने घेतला. त्याची बायको, माझी सून, पहिल्या वर्षी दोनदा ओठ फुटून माझ्यासमोर आली. मी तिला हळद लावून दिली आणि पोळ्या लाटायला बसवलं. एकदा तर मीच तिच्या थोबाडीत मारली, दूध उतू गेलं म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

नंतर ती शेडमध्ये यायला लागली. मी बोलावलं नव्हतं. भुसा भरायला आली आणि चार महिन्यांत सांध्याचं कुसू असं कापायला लागली की भोकात घालून मोगरीचा, लाकडी हातोड्याचा, एक ठोका दिला की बसलं. मला तेवढं यायला पाच वर्षं लागली होती. मुलाला हे आवडलं नाही. तो म्हणाला, "माझी बायको मिस्त्री नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "मिस्त्री मी. ती माझ्यापेक्षा बरी आहे."

त्याच सुमारास जव्हारच्या एका संस्थेतली बाई आमच्याकडे आली. गावोगावच्या पाण्याचं काम करणारी संस्था. सात माणसं, एक लांब खोली. त्यांना ऑफिसचं सामान करून हवं होतं. तिने लॅपटॉपवर परदेशातली चित्रं दाखवली. टेबलांना चाकं, खुर्च्यांना चाकं, भिंतींनासुद्धा चाकं.

"तुमची फरशी शहाबादी आहे ना?" मी विचारलं.

"हो."

"मग टेबल एकीकडे पळेल आणि कागद दुसरीकडे. चाकं नकोत. तुम्हाला काम काय करायचंय ते सांगा."

तिने सांगितलं. चार दिवस निम्मी माणसं गावांत असतात, तेव्हा खोली रिकामी. कधी दोघंच जोडीने नकाशा काढतात. आणि आठवड्यातून एकदा खोडाळ्याकडून, मोखाड्याकडून वीस-पंचवीस बाया येतात बैठकीला. त्या खुर्चीवर बसत नाहीत, खाली बसतात. मग ऑफिसची माणसं वर आणि बाया खाली. "आजी, त्या खालून बोलतात ना, तर आमच्यापर्यंत पोचतच नाही," ती म्हणाली. "आणि नवीन झाड तोडायचं नाही. एकही नाही."

मला तिचं म्हणणं कळलं. माझ्या नवऱ्याने साहेबांसाठी टेबलं केली ती भिंतीसारखी होती. पुढून फळी ठोकलेली, खालून पाय दिसायचे नाहीत. पलीकडे उभ्या राहिलेल्या माणसाने तिथेच उभं राहावं, अशीच ती घडवलेली होती. मी स्वतः विधवेच्या पेन्शनसाठी अशाच एका टेबलासमोर तीन वेळा उभी राहिले आहे. टेबल आमच्याच शेडमधलं होतं.

आठ दिवस आम्ही दोघी मापं घेत बसलो. सरकारी टेबल पुरुषाच्या मापाचं असतं. बुटकी बाई खुर्चीवर बसली की तिचे खांदे कानाला लागतात. मी सुनेला खुर्चीवर बसवलं, मग मांडी घालून खाली बसवलं, दोन्ही वेळा कोपराखाली खूण केली. पायांऐवजी चौकटी करायच्या ठरवल्या. चौकट उभी लावली की टेबल खुर्चीला जुळतं, तीच आडवी लावली की खाली बसणाऱ्याला जुळतं. खिळा नाही, स्क्रू नाही, लाकडाची पाचर. पाचर ठोकायची, पाचर काढायची, दोन बायांनी उचलून हलवायचं. वरच्या फळीची एक बाजू चार फूट, समोरची दोन फूट. अशी सहा टेबलं अरुंद बाजू आत करून लावली की कडं होतं. कड्याला मानाची बाजू नसते. दोन जोडली की चौघांचं काम होतं. एकटं भिंतीला लावलं की एकाचं.

मुलगा त्या महिन्यात आला तेव्हा आम्ही पुठ्ठ्याचा नमुना मांडला होता. त्याने तो लाथेने उडवला आणि सुनेचा दंड धरून तिला भिंतीवर आपटलं. मग मला म्हणाला, "आये, हे एक काम होऊ दे. यात काही बिघडलं, कुणाला खरचटलं जरी, तर परत हिच्या हातात पटाशी दिसली की हात तोडीन. मग तू सांगू नको मला."

सून डोकं चोळत उठली. "आणि नाही बिघडलं तर?" तिने विचारलं.

तो पुठ्ठे तुडवत बाहेर गेला. मी तेव्हाच धरून चालले की या सहा टेबलांवर तिचं शेडमधलं राहणं ठरणार.

लाकूड जुनं मिळालं. खोडाळ्याच्या पुढच्या एका गावात घर पाडून स्लॅबचं बांधत होते. त्याच्या तुळया, खांब आणि दाराची चौकट आम्ही टेम्पोत घातली. साग असा की तासायला गेलं तर वाकस उसळून परत यायचा. जुन्या लाकडात खिळे असतात, ते आधी उपटावे लागतात. मी चार दिवस पकड घेऊन तेच केलं. तळहात सोलले.

दाराच्या चौकटीत वेगळे खिळे होते. आमच्या भागात घरात कुणी वाईट मरणाने गेलं की प्रेत बाहेर काढल्यावर उंबऱ्यात किंवा चौकटीत लोखंडी खिळा ठोकतात, गेलेलं माणूस परत येऊ नये म्हणून. त्या घराच्या मालकाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ते चार तसेच राहू द्या, मावशी. आमची चुलती विहिरीत गेली होती."

मी भुताखेताला मानत नाही. नवरा मेल्यावर मी आमच्या उंबऱ्यात खिळा ठोकू दिला नाही. तरी पकड त्या खिळ्यांवर ठेवली आणि हात पुढे गेला नाही. मी कोळशाने रेघ मारली, म्हटलं रेघेच्या बाहेरून कापू, खिळ्याचा तुकडा वेगळा काढू आणि ओढ्यात टाकू. खिळ्यांच्या डोक्यांवर गंज चढून ती लाकडाच्या रंगाची झाली होती, पाहिलं तरी कळत नव्हतं. मी सुनेला काही सांगितलं नाही. पाच टेबलं झाली तोवर तो भाग आम्हाला लागलाच नाही. सहाव्याला लागला.

खिळा आत तिरका गेला होता. सून करवतीच्या मशीनवर कापत होती, रेघेवरूनच कापत होती. आवाज बदलला, ठिणगी उडाली आणि पात्याचा दात तुटून तिच्या डाव्या डोळ्यात गेला.  तिने आधी मशीनचं बटण बंद केलं, मग डोळ्यावर हात ठेवला. बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं आणि फळीवर पडायला लागलं. मी माझ्या पदराने तिचं डोकं करकचून बांधलं. जव्हारच्या दवाखान्यात पट्टी करून नाशिकला पाठवलं. रस्ताभर ती एकच विचारत होती, "फळी पुसली का? रक्त मुरलं तर डाग जात नाही."

डोळा गेला. डॉक्टरने नीट समजावून सांगितलं, तिने नीट ऐकून घेतलं.

आठ दिवसांनी आम्ही परत आलो तेव्हा मुलगा घरी आलेला होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, एकदाच. मग कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून तो शेडमध्ये गेला. आम्ही दोघी मागून पोचेपर्यंत एक टेबल मधोमध फुटलं होतं. दुसऱ्यावर तो घाव घालत होता. साग जुना, दोन घावांत फुटेना, तर त्याने चौकटीवर पाय देऊन ती मोडली. ढलप्या माझ्या अंगावर आल्या.

"सांगितलं होतं ना," तो म्हणत होता. प्रत्येक घावाला एकदा. "सांगितलं होतं ना."

तिसऱ्या टेबलापुढे सून जाऊन उभी राहिली. डोळ्यावर पट्टी, डावीकडचं तिला काही दिसत नव्हतं. कुऱ्हाड डावीकडून वर गेली. तो तिला मारणार होता की टेबलाला, मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावं. मी बाभळीची मोगरी उचलली आणि त्याच्या मनगटावर घातली. पूर्ण ताकदीने घातली. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. कुऱ्हाड पडली. त्याने डाव्या हाताने माझा गळा धरला, तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर दुसरा ठोका घातला. तो भुशात बसला आणि लहानपणी ओरडायचा तसा ओरडला. मी मोगरी खाली ठेवली नाही.

तो लंगडत पोलीस ठाण्यात गेला आणि माझ्यावर तक्रार दिली. मला बोलावणं आलं. हवालदार माझ्या मुलाच्या वयाचा होता.

"आजी, पोराला मारलं?"

"हो."

"कशानं?"

"मोगरीनं. बाभळीची आहे."

"अहो, पण मनगटच का?"

"कुऱ्हाड तिथंच धरली होती."

त्याने पेन खाली ठेवलं, तोंडावरून हात फिरवला. म्हणाला, "आता हे मी कसं लिहू?"

"मी बोलले तसंच लिहा. वाचून दाखवा, मग मी सही करते. अंगठा नाही, सही."

सुनेचा जबाब घ्यायला दुसऱ्या दिवशी बाई पोलीस घरी आली. सुनेने पहिल्या वर्षापासूनचं सगळं सांगितलं. दुधावरून मी थोबाडीत मारली होती तेही सांगितलं. मी तिथेच बसले होते. खोटं काही नव्हतं.

पोलीस बाई गेल्यावर मी सुनेला खिळ्याचं सांगितलं. चुलतीचं, कोळशाच्या रेघेचं, सगळं. म्हटलं, "तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस, असं मी मनाला सांगत होते. घाबरलेली मी होते."

 ती उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. हलकी नाही. माझा दात हलला.

"अजून किती आहेत?" तिने विचारलं.

"तीन."

तिने पकड आणून माझ्या हातात दिली. "काढा. माझ्यासमोर."

मी काढले. तिसरा वाकडा होता, तो निघायला अर्धा तास लागला. ती उभी राहून बघत होती. काही झालं नाही. खिळे होते, निघाले.

राहिलेलं सहावं टेबल तिने पुरं केलं आणि मोडलेल्या दोन टेबलांच्या फळ्या पट्ट्या कापून पुन्हा जोडल्या. एका डोळ्याने अंतर कळत नाही, पटाशी लाकडाच्या आधी हवेत बसायची, बोटांना तीनदा लागली. मग ती डाव्या हाताचं बोट लाकडावर ठेवून, त्याच्या आधाराने पटाशी लावायला शिकली. फाटलेल्या लाकडाला ती फाट तशीच ठेवून तिने आडव्या खुंट्या मारल्या. शिवाय माझ्या पाचरी तासून बारीक केल्या. "तुम्ही तुमच्या हाताच्या जोराने केल्यात," म्हणाली. "ऑफिसातल्या पोरींना निघायच्या नाहीत." खरं होतं. मी आयुष्यभर सगळं जोराने ठोकून बसवलं आहे.

टेबलं पोचवली त्या दिवशी बायांची बैठक होती. आम्ही चौकटी आडव्या लावल्या, कडं केलं, सगळ्या एकाच उंचीवर बसल्या, संस्थेची बाईसुद्धा. अर्ध्या तासात दोन पाड्यांच्या बाया झऱ्यावरून भांडायला लागल्या. एकीने टेबलावर मूठ आपटली, दुसरीने पलीकडून तिची वेणी धरली. संस्थेची बाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"पोचतंय की आता," मी म्हटलं.

सून त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून सांधे बघत होती. हलले नव्हते.

सुनेच्या जबाबानंतर मुलाने तक्रार पुढे रेटली नाही. त्याचं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. त्याने भिवंडीहून निरोप पाठवला की बायको येणार असेल तर यावं, नाहीतर त्याला तिच्याशी काही देणंघेणं नाही. निरोप्या शेडच्या दारात उभा होता. सून चौकट घासत होती. पंचायतीने तसल्याच आठ टेबलांचं काम दिलं होतं.

"सांगा, येत नाही म्हणावं," ती म्हणाली. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, यापुढं लाकूड मी बघून आणीन. कापायची रेघ मी मारीन. तुम्ही रंधा धरा."

मी रंधा धरला.