चिनी डॉक्टरांची खुर्ची

आज नातीच्या दाढेला लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासासरशी मी रायपुरातल्या चिनी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन पोचले.

डॉक्टर जन्मले इथेच, वडील तेवढे चीनहून आलेले. बासष्टमध्ये लढाई पेटली, राष्ट्रपतींचे हुकूम निघाले आणि चिनी वंशाच्या माणसांना परवानगीशिवाय शहर सोडायची बंदी झाली. आमच्या पाऱ्यानं, म्हणजे मोहल्ल्यानं, तर त्यांच्याकडे जाणंच सोडलं.

नेमकी तेव्हाच माझी दाढ ठणकायला लागली. आई मला घेऊन गेली, तर दवाखान्यासमोर घोळका. शेजारच्या काकांनी वाट अडवली.

"वहिनी, पोट्टीले दुश्मनाकडे नेऊन राहिल्या? हुकूम ऐकला नाही का?"

"ऐकला. त्यायले शहर सोडू नका म्हटलं. माझ्या पोट्टीची दाढ काढू नका, असं कुठं म्हटलं?"

आत डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बहनजी, दरवाजा बंद कर दूँ?"

"खुला रहने दो. सबको देखने दो."

मला खुर्चीत बसवलं. गार चिमटा जिभेला लागला. सगळे माझ्या उघड्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा मला आईचा भयंकर राग आला. आज तिच्या तेव्हाच्या वयाहून मोठी झाल्यावर कळतं, तीही घाबरली होती. माझ्या खांद्यावरचा तिचा हात घामानं ओला झाला होता.

दाढ निघाली तेव्हा कळ पार डोक्यात गेली. बाहेरचे लोक माझी किंकाळी ऐकायलाच थांबले होते.

ती मी त्यांना ऐकू दिली नाही.