आप्पा, नेपच्यून आणि वजनकाटा

लूमखाली तुटलेले धागे साचतात, तसे आमच्या भिलाआप्पांचे किस्से साचलेत. झाडू मारला तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच! नव्वदच्या दशकात सुरतेत, लिंबायतच्या एका पॉवरलूम कारखान्यात आम्ही चार-पाच खान्देशी माणसं कामाला होतो. आप्पा तिथले फिटर, पण जीव सगळा आकाशात. विज्ञानाची कात्रणं चिकटवून त्यांनी जाड फाईल केली होती आणि चहाच्या सुट्टीत ती आम्हाला ऐकावीच लागे.

*

एकदा त्यांनी वाचलं, की नेपच्यून सूर्यापासून इतका लांब, तरी आतून गरम आहे. का, ते शास्त्रज्ञांनाही नीट सांगता येत नाही. बेअरिंग घासून तापलंय का हे बघताना लावतात, तसा आप्पांनी उलटा हात हवेत धरला.

"गरम शे ना? मंग कथं तरी घसाई ऱ्हायनं!"

"आणि शेजारचा युरेनस गार कसा?" मी विचारलं.

"त्याले टाईमवर तेल भेटस!"

*

पुढे आप्पांच्या बायकोला, कमलवहिनींना, ताप आला. आप्पांनी त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला आणि विचारात पडले. "खिडकीतून ऊन तर येत नाही. मग ही उष्णता येते कुठून?"

वहिनी अंथरुणातूनच म्हणाल्या, "आधी मला डॉक्टरकडे न्या, मंग नेपच्यूनकडे जा!"

*

मग आलं कृष्णद्रव्य. आकाशगंगेतले तारे इतक्या वेगाने फिरतात, की दिसतं तेवढ्या वजनाने ते एकत्र राहणारच नाहीत. म्हणून न दिसणारंही काहीतरी असलं पाहिजे, असा लेख पुण्याच्या एका प्रोफेसरांनी लिहिला होता. आप्पा भडकले.

"दिसत नाही, सापडत नाही, पण वजन आहे? अरे, काटा तपासा पहिले!"

प्रोफेसरांना त्यांनी एकामागून एक तीन पोस्टकार्डं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. माझ्या शेजारच्या लूमवरचा रघू म्हणाला, "उत्तर आलं असेल आप्पा, फक्त दिसत नाही!"



*

त्याच सुमारास आमच्या कारखान्यातच गडबड झाली. विणलेल्या कापडाचा प्रत्येक तागा घातलेल्या सुतापेक्षा जड भरायला लागला! कुणी म्हणे ओल, कुणी म्हणे काटा बिघडला. आप्पांनी काटा दोनदा खोलला. काटा ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ते नुसते स्टूल टाकून बघत बसले.

वजनं लिहून घेणारे नवे कारकून, म्हणजे मेहताजी, त्यांना जरा कमी दिसायचं. आकडा वाचायला ते पुढे वाकायचे आणि तोल सांभाळायला एक पाय काट्याच्या खालच्या फळीवर ठेवायचे.

"मेहताजी, पग!" आप्पा त्यांच्या पायाकडे बोट दाखवून ओरडले.

"अरे, आ तो मारी आदत छे!"

*

आणि एक दिवस तेच पुण्याचे प्रोफेसर आमच्या जवळच्या नवागामच्या शाळेत भाषणाला आले. कमलवहिनींनी आधीच बजावलं होतं, "आज उत्तर मिळालं नाही, तर फाईल रद्दीत." सोमवारी रद्दीवाल्याला बोलावलंही होतं. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल छातीशी धरून बसले होते.  

प्रोफेसर तासभर बोलले. उपकरणं पुन्हा पुन्हा तपासली, कुठेच दोष नाही, तेव्हा कृष्णद्रव्य आहेच, असं म्हणून त्यांनी विचारलं, "काही शंका?"

आप्पा उठले. रघूने मागून शर्ट ओढला, तरी उठले.

"साहेब, तुमचा काटा बरोबर आहे, मान्य. पण आपण राहतो आकाशगंगेतच, तर तिचं वजन करताना तुमचा पाय कुठे असतो?"

सगळा हॉल हसला. प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि हळूच एक पाऊल मागे सरकले.

मागच्या रांगेतून कमलवहिनींचा आवाज आला, "रघूभाऊ, त्या रद्दीवाल्याले सांगा, सोमवारी येऊ नको!"